तळटीप १७ : ‘खंजिरीवाले महाराज’

१७. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८). मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. जन्म यावली, जि. अमरावती. गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. तुकडोजींनी कीर्तनकाराची गादी धरली नाही. एका हातात खंजिरी, समोर गावकरी आणि स्वतः रचलेली मराठी-हिंदी भजने, एवढ्यावर त्यांनी वऱ्हाड-नागपूरची गावे बांधून ठेवली. ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण हे विषय त्यांनी भजनाच्या चालीत बसवले. चाली सोप्या असल्याने ऐकणारेही मागे म्हणू लागत. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. १९४२च्या चिमूर-आष्टीच्या उठावामागे त्यांच्या भजनांची चेतावणी असल्याचे मानून सरकारने त्यांना अटक केली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले. ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ त्यांचीच. १९५५मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेतही त्यांनी खंजिरीवर भजन गायले. ‘राष्ट्रसंत’ ही उपाधी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांची. नागपूर विद्यापीठाला २००५पासून त्यांचे नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यात श्रीगुरुदेव सेवा मंडळांमुळे त्यांची सामुदायिक प्रार्थना व भजने खेड्यांत रुजली. लेखकाच्या गावातले मंडळ त्यांपैकीच. पुढच्या परिच्छेदात ‘पंचमीला मोझरीला गेलो’ असे आहे, ती नागपंचमी नव्हे. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, अश्विन वद्य पंचमीस झाले; तिथला पुण्यतिथी महोत्सव लेखकाला अभिप्रेत आहे. — संपा.