खारे आणि सुके : घाटमाथ्यावरील कोळंबीचा शब्देतिहास

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील कोळवण या ग्रामनामाचे ‘कोळंबी’ शब्दाशी ध्वनिसाम्य आहे. परंतु केवळ ध्वनिसाम्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. या दोहोंचा संबंध जोडावयाचा तर तो भूगोलाच्या आधारे जोडला पाहिजे. तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्री उतरला की कोकण लागते. तेथील मिठागरांचे मीठ व सुकी मासळी घाटवाटांनी देशावर येत असे. बर्फ व मोटार यांच्या पूर्वी ताजी सागरी कोळंबी घाट चढून टिकणे अशक्यप्राय होते. साहजिकच घाटमाथ्याच्या स्वयंपाकघरात ती मुख्यतः सोडे, सुकट व जवळा या रूपांनी शिरली.

मासळी टिकविण्याच्या दोन रीती मराठी भाषेने स्पष्टपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. बांगडा ‘खारा’, तर बोंबील व जवळा ‘सुका’. पहिल्यात मीठ प्रमुख आहे, दुसऱ्यात ऊन. या भेदाचे कारण मिठावरील करात शोधण्याचा मोह होणे शक्य आहे. 1888 मध्ये हा कर मणास अडीच रुपये झाला; 1923 मध्येही तो पुन्हा त्याच दरावर नेण्यात आला; 1930 मध्ये वडाळा व शिरोडा येथे मिठाचा सत्याग्रह झाला आणि 1947 मध्ये कर रद्द झाला. तथापि महाग मिठाने जवळा सुका राहिला, असे म्हणता येत नाही. कर गेल्यावरही तो सुकाच राहिला. त्याचा इवलासा देह उन्हात त्वरित वाळतो. जाड व तेलकट बांगडा वाळण्यापूर्वीच कुजू लागतो, म्हणून त्यास मीठ हवे.

याहून निराळी तिसरी क्रिया म्हणजे शिजविण्यापूर्वी ताज्या कोळंबीस मीठ-हळद लावून ठेवणे. हल्ली त्याऐवजी लिटरभर पाण्यात सुमारे 50 ग्रॅम मीठ विरघळवून सोललेली कोळंबी पंधरा-वीस मिनिटे बुडवितात. मिठामुळे स्नायुतंतूंतील काही प्रथिने सुटी होतात व शिजताना पाणी धरून ठेवतात. कोळंबी रसदार व किंचित कुरकुरीत राहते. सोड्यांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांतील पाणी आधीच काढून घेतलेले असते, म्हणून ते प्रथम कोमट पाण्यात भिजवावे लागतात. एकीत पाणी राखावयाचे, दुसरीत परत आणावयाचे.

या भेदाची छाया मिठाच्या नावांवरही पडलेली दिसते. संस्कृत ‘लवण’ प्राकृतात ‘लोण’ झाले आणि मराठीत ‘लोणचे’ या टिकाऊ पदार्थाच्या नावात उरले. ‘मीठ’ हा शब्द मात्र ‘मृष्ट’पासून, गोड व रुचकर या अर्थाच्या वाटेने आला. गुजरातीतील ‘मीठुं’ त्याचाच सोदर.

ताज्या कोळंबीच्या अल्पकाळच्या मिठवणीस ‘खारवणे’ म्हणण्याची किंवा तिन्ही क्रियांना ‘मॅरिनेट करणे’ या एकाच नावाखाली आणण्याची प्रवृत्ती म्हणूनच चिंत्य आहे. घरगुती पाककृतींच्या लेखी नोंदी जुन्या काळी थोड्याच झाल्या. कोणत्या घरात मासळी ताजी येई व कोणत्या घरात सुकी, हे सांगणारा पुरावा पुष्कळदा या क्रियापदांतच आहे. मुळशीसारख्या समुद्रापासून तुटलेल्या भागातील बोलींचे शब्द संकलित करताना ‘मीठ लावणे’, ‘खारवणे’ व ‘वाळवणे’ यांच्या नोंदी स्वतंत्र ठेवणे, आणि प्रत्येकीसोबत मासळीचे नाव टिपणे, अगत्याचे आहे.