वाटून घेतलेली शुश्रूषा

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. कसबा गणपती, लाल महाल, तांबट आळी, कुंभारवाडा ही तिची बाहेरची ओळख. पण तिचा खरा संसार वाड्यांच्या आतील चौकांत मांडलेला असे. वाड्यात कोणी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, तर पथ्यपाणी सासूकडे, रात्रीची जाग सुनेकडे, वैद्याकडची खेप मुलाकडे आणि घटकाभर बसून बोलणे शेजाऱ्याकडे, अशी कामाची वाटणी होई. ही व्यवस्था निर्दोष होती असे नव्हे. पुष्कळदा सारा भार एका सुनेवर किंवा घरातील विधवेवर पडे आणि तिचा थकवा कोणाच्या हिशेबातही नसे. तरीही ‘आळीपाळी’ हा शब्द त्या घरांना ठाऊक होता. दीर्घ आजारातील शुश्रूषेचा इतिहास हा बव्हंशी या एका शब्दाचा इतिहास आहे.

इसवी सन १६१७ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील शातियाँ या गावी संत विन्सेंट द पॉल धर्मगुरू होते. गावाबाहेरील एका घरात सारेच आजारी असल्याचे त्यांना मिस्साबलिदानापूर्वी कळले. त्यांनी प्रवचनात त्याचा उल्लेख केला आणि दुपारी अन्न घेऊन निघालेल्या गावकऱ्यांची रांग लागली. संतांच्या मनात मात्र वेगळाच विचार आला: आज आलेले अन्न उरून नासेल आणि उद्या हे घर पुन्हा उपाशी राहील. दया होती, व्यवस्था नव्हती. त्यांनी काही स्त्रियांना एकत्र आणून नियम घालून दिले. प्रत्येकीने एकेक दिवस सेवा करावी. ज्यांच्याजवळ माणसे आहेत अशा रुग्णांकडे आधी जावे आणि एकाकी रुग्णांकडे शेवटी, म्हणजे त्यांच्यापाशी अधिक वेळ बसता येईल. एका दिवसाच्या या वाटणीमुळे कोणावरही सगळा भार पडला नाही.

त्यांच्या सहकारी संत लुईझ द मारियाक यांनी हा भार स्वतः वाहिला होता. त्यांचे पती १६२१ च्या सुमारास आजारी पडले आणि १६२५ साली वारले. त्या काळात लुईझ तीव्र निराशेत आणि श्रद्धेविषयीच्या शंकांत सापडल्या होत्या. आजाऱ्याची सेवा करणारा खचला म्हणजे त्याचे प्रेम आटले असे नव्हे, हे त्यांच्या चरित्रावरून समजते. याच लुईझ यांनी १६३३ साली संत विन्सेंट यांच्यासह सेवाभगिनींचा संघ स्थापन केला.

आपल्या पुण्याकडे पाहू. १८८८ साली महात्मा जोतीराव फुले यांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन होईपर्यंत गंज पेठेतील त्या घराचा भार सावित्रीबाईंवर होता. परंतु त्या अगदी एकाकी नव्हत्या. डॉ. विश्राम रामजी घोले उपचार करीत होते आणि आर्थिक ओढाताण पाहून मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी शब्द टाकला. मित्राने पुढे होऊन मागणे, हीदेखील शुश्रूषाच.

पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या आणि घरात बिनबोभाट होणाऱ्या कामाला विद्येची प्रतिष्ठा मिळाली. १९८६ साली वांद्र्याला डॉ. लुईस जोस डिसूझा यांनी कर्करुग्णांसाठी शांती अवेदना सदन सुरू केले. भारतातील ते पहिले हॉस्पिस होय. १९९७ साली पुण्यात वारजे येथे सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र निघाले. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या नातलगालाही शुश्रूषेचे शिक्षण दिले जाते.

आज वाड्यांच्या जागी इमारती आल्या, मुले परगावी गेली आणि आळीपाळीला माणसेच उरली नाहीत. झोप तुटणे, पाठ धरणे, स्वतःचे औषध चुकणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे व नंतर त्याचाच अपराध वाटणे, ही थकव्याची लक्षणे प्रत्येक धर्मग्रामातील काही घरांत दिसतात. अशा घरी आपण फळे घेऊन जातो, रुग्णाची विचारपूस करतो आणि परततो. शातियाँच्या पहिल्या दुपारी तेच झाले होते. शेजारच्या पाच कुटुंबांनी आठवड्यातील एकेक दुपार वाटून घेतली, तर त्या घरातील माउलीला दोन तास झोप मिळेल, स्वतःच्या डॉक्टरकडे जाता येईल, मिस्सेला येता येईल. हे करताना तिने मागण्याची वाट पाहू नये. थकलेल्या माणसाला मागण्याचेही श्रम होतात. आपला वार आपणच सांगावा आणि तो पाळावा.