नकुसा : एका नावाचा उगम आणि अर्थ

'नको' या निषेधवाचक शब्दाला 'सा' हा प्रत्यय लागून 'नकोसा' हे विशेषण सिद्ध होते. 'हवासा' हे त्याचे विरुद्धार्थी रूप. 'नकोसा'चे स्त्रीलिंगी रूप 'नकोशी'. बोलताना 'को'तील ओकार आखूड होऊन 'नकुशी' आणि त्यावरून 'नकुसा'. सातारा, सांगली व लगतच्या भागात हे विशेषण मुलींचे विशेषनाम झाले. मुलीवर मुली झाल्या, की तिसऱ्या-चौथ्या मुलीचे नाव नकुसा ठेवावे, म्हणजे पुढचे अपत्य मुलगा होते, अशी यामागील समजूत.

धोंडू, दगडू, केरबा, भिकाजी ही नावेही हलक्या अर्थाची आहेत. परंतु त्यांची जातकुळी निराळी. आधीची मुले दगावलेल्या घरात जगलेल्या मुलाला दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे दुर्लक्ष करावे, म्हणून ती ठेवली जात. धोंडा म्हटलेला मुलगा घराला हवाच असे. नकुसा हे नाव मात्र ते धारण करणारीच्या रक्षणासाठी नसते. ते अद्याप न जन्मलेल्या भावासाठी असते. हरियाणातील 'भतेरी', म्हणजे पुष्कळ झाले, आणि चीनमधील 'झाओदी', म्हणजे धाकट्या भावाला बोलावणारी, ही या नावाची खरी भावंडे होत.

बहुतेक नावांचा मूळ अर्थ वापराने झिजतो. नकुसाचा झिजत नाही. वर्गात हजेरी घेतली जाताना तो सर्वांना कळतो. पूर्वी या नावातून सुटण्याची एकच रूढ वाट होती. लग्नात सासरी नवे नाव मिळे. ज्या प्रथेने इतर स्त्रियांचे माहेरचे नाव पुसले, तिनेच नकुसांची सुटका केली, हा विरोधाभासच म्हणावा लागेल.

सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेण्यात आला आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात झालेल्या समारंभात २८५ मुलींना नव्या नावांची प्रमाणपत्रे देण्यात आली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. नावे मुलींनी स्वतः निवडली होती, हे महत्त्वाचे. अर्थात प्रमाणपत्राने काम संपत नाही. शाळेचे जनरल रजिस्टर, शिधापत्रिका, दाखले अशा प्रत्येक कागदावर जुने नाव बदलून घ्यावे लागते.

नाव बदलले तरी आकडे बोलतात. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात ९१३ होती; साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१. गर्भलिंगनिदानावर निर्बंध आणणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच, देशात सर्वप्रथम केला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यात, म्हैसाळ येथे, पुरलेले १९ भ्रूण सापडले. सोनोग्राफी खेडोपाडी पोहोचण्यापूर्वी मुलगी नकोशी आहे हे ती जन्मल्यावर नावातून सांगितले जाई. यंत्र आल्यावर नाव ठेवण्याची वेळच येऊ न देण्याचा मार्ग खुला झाला. त्यामुळे नकुसा हे नाव दुर्मिळ होणे ही प्रत्येक वेळी सुवार्ता मानता येत नाही. ज्यांचे हे नाव होते, त्या निदान जन्माला आल्या होत्या.