आंदणात न आलेली अंधेरी

मुंबई आंदणात गेली, हे शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलंय. आम्ही बोरिवलीकर मात्र त्या आंदणात नव्हतो. अंधेरी, मुलुंड, घाटकोपरही नव्हते. १६६१च्या तहात पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनसोबत इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई दिली. इंग्रजांना साष्टीही हवी होती, पण पोर्तुगीजांनी सोडली नाही. ती आधी मराठ्यांनी जिंकली, इंग्रजांच्या हाती लागली थेट १७७४ साली.

कॅथरीनला मूल झालं नाही. नवऱ्याच्या प्रेयसी दरबारात तिच्यासमोरच वावरायच्या. त्यात ती कॅथलिक, म्हणून १६७८मध्ये राजाला विष देण्याच्या कटाचा आळही आला. चार्ल्सने मुंबई कंपनीला वर्षाला १० पौंडांवर देऊन टाकली होती. बायकोला सोड म्हणणाऱ्यांचं मात्र ऐकलं नाही. (एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.) तो गेल्यावर ती लिस्बनला परतली आणि आजारी भावाच्या जागी राज्यकारभारही पाहिला.