रिमोटमधले संपलेले सेल टाकायचे कुठे?

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कुणी घंटागाडीत टाकत नाही. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो, नाहीतर भंगारवाला ती वजनावर घेऊन जातो. रिमोट, भिंतीवरचं घड्याळ आणि मुलांच्या खेळण्यांतले पेन्सिल सेल मात्र संपले की थेट केराच्या डब्यात जातात, कारण त्यांना भंगारात भाव नाही.

घरातल्या बॅटऱ्यांचा प्रश्न बराचसा या भावाशी जोडलेला आहे. ज्याला भाव आहे ते आपोआप परत जातं. ज्याला नाही, ते आपण आठवणीने वेगळं काढलं तरच परत जातं. कोणती बॅटरी का वेगळी ठेवायची, कशी ठेवायची आणि कुठे द्यायची, ते समजून घेऊया.

घरात कोणकोणत्या बॅटऱ्या असतात?

- पेन्सिल सेल: १.५ व्होल्टचे, एकदाच वापरायचे. स्वस्त सेल जस्त-कार्बनचे असतात, जास्त टिकणारे अल्कलाइन असतात. दोन्हींत मुख्यतः जस्त आणि मँगनीज असतं. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा अल्कही असतो. सेल गळल्यावर दिसणारी पांढरी भुकटी त्यातूनच तयार होते. ती त्वचेला आणि डोळ्यांना झोंबते.
- बटण सेल: मनगटी घड्याळ, गाडीची चावी, वजनकाटा, दिवे लागणारी खेळणी यांत असतात. 'सीआर २०३२' या नावातच सेलचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर.
- रिचार्जेबल सेल: दिसायला पेन्सिल सेलसारखेच, पण १.२ व्होल्टचे. हे बहुधा निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे असतात आणि शेकडो वेळा चार्ज होतात.
- लिथियम-आयन बॅटरी: मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, इअरबड, ट्रिमर. घरातल्या कचऱ्यात सगळ्यात जपून हाताळायची बॅटरी हीच.
- शिसं आणि आम्लाची बॅटरी: इन्व्हर्टर आणि गाड्यांमधली. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, म्हणूनच तिला भाव मिळतो.

केराच्या डब्यात टाकलं तर बिघडतं काय?

पहिला धोका आगीचा. लिथियम-आयन बॅटरीत धन आणि ऋण थर एकमेकांपासून अगदी पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले असतात. कचरा दाबणाऱ्या गाडीत बॅटरी चेपली की हा पडदा फाटतो, आत शॉर्टसर्किट होतं आणि उष्णता झपाट्याने वाढते. आजूबाजूला कागद आणि प्लास्टिक असतंच. मोबाइल सुरू होत नाही म्हणजे बॅटरी पूर्ण रिकामी झाली, असंही नसतं. पेट घेण्याइतकी ऊर्जा तिच्यात उरलेली असू शकते.

दुसरा धोका माणसांना. आपली पिशवी पुढे कुणीतरी हाताने उघडतं. कचरावेचक आणि सफाई कामगार यांच्या हाती फुटका सेल, सुई किंवा ट्यूबलाइटची काच एकाच ढिगातून येते.

तिसरं नुकसान मालाचं. कोबाल्ट, निकेल आणि लिथियम हे धातू खाणीतून काढायला मोठा खर्च येतो. एकदा वापरलेले हेच धातू डेपोत गाडले, की ते परत मिळत नाहीत. सेल गंजून फुटले तर त्यातले काही घटक कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात मिसळतात.

कायदा काय सांगतो?

२००१ चे बॅटरी नियम फक्त शिसं-आम्लाच्या बॅटऱ्यांसाठी होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने नवे नियम आणले आणि पेन्सिल सेलपासून इलेक्ट्रिक गाडीपर्यंत सगळ्या बॅटऱ्या त्यात आल्या. बॅटरी बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीने जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी घ्यायची आहे. बॅटऱ्या जमिनीत पुरायला आणि जाळायला मनाई आहे. ग्राहकाचं कर्तव्यही लिहिलेलं आहे: जुनी बॅटरी घरच्या इतर कचऱ्यात मिसळायची नाही. बॅटरीवर फुलीने खोडलेल्या कचरापेटीचं चिन्ह असतं, त्याचा अर्थ हाच.

त्याआधी २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे वेगळे वर्ग सांगितले होते. वापरलेल्या बॅटऱ्या घातक वर्गात मोडतात. शहरात दर २० चौरस किलोमीटरला असा कचरा स्वीकारणारं एक केंद्र असावं, अशी तरतूदही त्यात होती.

घरात वर्गवारी कशी करायची?

- ओला: भाज्यांची देठं, सालं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा, निर्माल्य.
- सुका: कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, धातू. दुधाची पिशवी धुऊन वाळवून ठेवली तर तिला वास येत नाही आणि ती विकलीही जाते.
- सॅनिटरी: पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे. वरून लाल ठिपका काढला की उचलणाऱ्याला न उघडता कळतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही खूण रुजवली.
- घातक: सेल, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, सीएफएल, मुदत संपलेली औषधं, सुया, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे.

घातक कचरा रोज निघत नाही, त्यामुळे त्यासाठी मोठा डबा लागत नाही. सेलसाठी झाकण असलेली एक प्लास्टिकची बरणी पुरते.

बरणीत सेल ठेवताना

१. बरणी कोरडी असावी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी.
२. बटण सेल, लिथियम बॅटरी आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. टोकं एकमेकांना किंवा दुसऱ्या धातूला टेकली तर शॉर्टसर्किट होऊ शकतं.
३. गळलेला सेल उघड्या हाताने धरू नये. तो वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावा.
४. फुगलेली मोबाइल बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. ती पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावी.
५. कोणतीही बॅटरी शेकोटीत किंवा पालापाचोळ्याबरोबर जाळू नये.

साठलं, आता द्यायचं कुठे?

मोबाइल आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्यांसाठी त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. पेन्सिल सेलसाठी महापालिकेच्या क्षेत्रीय किंवा वॉर्ड कार्यालयात घातक कचरा किंवा ई-कचरा संकलन केंद्राची चौकशी करा. अनेक शहरांत स्वयंसेवी संस्था ई-कचरा संकलनाचे दिवस ठेवतात. ते सेल घेतात का, हे आधी विचारून घ्या. गावात अशी सोय नसेल, तर सेल उकिरड्यावर न टाकता साठवा आणि शहरात जाणं होईल तेव्हा द्या.

चार सेलसाठी फेरी मारणं कुणालाच परवडत नाही. म्हणून सोसायटीत किंवा वाड्यात सगळ्यांची मिळून एक बरणी ठेवणं सोपं पडतं.

इन्व्हर्टरची बॅटरी विक्रेत्यालाच परत द्या. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती उघड्यावर फोडणाऱ्याला दिली, तर आम्ल जमिनीत जातं आणि शिसं वितळवतानाची धूळ व धूर आसपासच्या मुलांच्या शरीरात. मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं थेट बाधक आहे.

पुढे त्यांचं काय होतं?

कारखान्यात आधी प्रकार वेगळे केले जातात. लिथियम बॅटऱ्यांमधली उरलेली वीज काढून त्यांचा चुरा करतात. त्यातून निघणाऱ्या काळ्या भुकटीवर रासायनिक प्रक्रिया करून कोबाल्ट, निकेल आणि लिथियम वेगळे काढतात. पेन्सिल सेलमधून पोलाद, जस्त आणि मँगनीज मिळतं. २०२२ च्या नियमांनुसार लहान बॅटऱ्यांमधला ९० टक्के माल २०२६-२७ पासून परत मिळवायचा आहे. पण बॅटरी कारखान्यापर्यंत पोहोचलीच नाही, तर या आकड्याला अर्थ राहत नाही.

मुलाने बटण सेल गिळला तर?

थांबू नका. अन्ननलिकेत अडकलेला बटण सेल दोन तासांतही आत गंभीर भाजू शकतो. उलटी करवू नका आणि लगेच एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. तशाच सेलचं पाकीट घरात असेल तर बरोबर घ्या, डॉक्टरांना प्रकार लगेच कळतो. संपलेला सेलही इजा करू शकतो, म्हणून काढलेला सेल टेबलावर न ठेवता लगेच चिकटपट्टी लावून बरणीत टाका.