बदनाम देशांच्या यादीची कुळकथा

एखाद्या देशात काळा पैसा पांढरा होण्याचा धोका किती, हे बँका आज एफएटीएफच्या यादीवरून जोखतात. करड्या यादीतल्या देशातून रक्कम आली की चार कागद जास्त मागतात. पण ही यादी मोजमाप म्हणून जन्मलीच नाही. ती जन्मली धाक म्हणून, आणि तो स्वभाव अजून पुरता गेलेला नाही. 1989 मध्ये पॅरिसच्या शिखर परिषदेत सात श्रीमंत देशांनी फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स (एफएटीएफ) स्थापन केला, तेव्हा चिंता होती अमली पदार्थांच्या पैशाची. पुढच्या वर्षी चाळीस शिफारशी आल्या. जून 2000 मध्ये पंधरा ‘असहकारी’ नावे जाहीर झाली: रशिया, इस्रायल, फिलिपिन्स, पनामा, लिश्टेनस्टाइन, नाऊरू वगैरे. निकष पंचवीस होते. बँकेची गुप्तता किती, खात्याचा खरा मालक कळतो का, परदेशी तपासाला मदत मिळते का, असे. पैसा नेमका किती धुतला जातो, हे त्यांत कुठेच नव्हते. आणि पंधरांत टास्क फोर्सचा सदस्य असलेला एकही देश नव्हता!

नाऊरूचेच बघा. जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचे बेट. फॉस्फेट संपत आले तसे त्याने बँकांचे परवाने विकायला काढले. एकाच टपालपेटीच्या पत्त्यावर सुमारे चारशे बँका नोंदल्या गेल्या. ना काउंटर, ना कॅशियर. 1998 मध्ये या वाटेने सुमारे सत्तर अब्ज डॉलर गेले, असे रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे म्हणणे होते. गुन्हा होताच. पण तो पैसा नाऊरूकरांचा नव्हता, तिथे राहिलाही नाही. आणि डॉलरचा हिशेब अखेर अमेरिकी बँकांच्या खात्यांतूनच मिटतो. यादीने वाटेवरचे बेट पकडले, मुक्कामाचे शहर सोडले.

यावर कोणी म्हणेल, धाक असो की काही, उपयोग तर झाला. झालाच. इस्रायलने त्याच ऑगस्टमध्ये कायदा केला, रशियाने 2001 मध्ये. ऑक्टोबर 2006 मध्ये शेवटचे नाव, म्यानमारचे, वगळले आणि ती मूळ यादी रिकामी झाली; आजची करडी यादी तिच्यानंतरची. पण कायदा झाला म्हणजे धुलाई थांबली, हे कशावरून? दुसऱ्या एका मोजमापाचेही तसेच: लाचखोरीबद्दलचे मत मोजणाऱ्या निर्देशांकात डेन्मार्क वर्षानुवर्षे स्वच्छ देशांत अग्रभागी असतो. त्याच डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातील शाखेतून 2007 ते 2015 या काळात परदेशी खातेदारांचे सुमारे दोनशे अब्ज युरो फिरले आणि त्यांतला मोठा भाग संशयास्पद निघाला. बाबू लाच घेतो का, एवढेच विचारल्यावर दुसऱ्याची लाच कुठल्या तिजोरीत जाते, ते निसटणारच.

या टीकेचा परिणाम झाला नाही, असे नाही. 2009 मध्ये टॅक्स जस्टिस नेटवर्कने गुप्तता आणि उलाढाल यांची सांगड घालणारा निर्देशांक काढला. 2022 च्या क्रमवारीत पहिला क्रमांक अमेरिकेचाच. ही चळवळीतल्यांची संस्था, तिचाही कल आहेच. तरी प्रश्न तिने योग्य विचारला. खुद्द टास्क फोर्सने 2013 पासून कायद्यासोबत त्याची परिणामकारकता तपासायला घेतली, आणि पुढे तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका असे सदस्यही करड्या यादीत आले. 2010 मध्ये सदस्य झालेल्या भारताला 2024 च्या अहवालात एकूण चांगला शेरा मिळाला. खटले मात्र रेंगाळतात, हे त्यात नोंदवलेले आहे. आणि ईडीच्या छाप्यांच्या बातम्या वाचणाऱ्याला ते सांगावे लागत नाही.