नष्टच्छायारूप ते ‘काळा धागा’ : अदृश्यतेची कल्पना, करामत आणि तंत्र

बीजसंज्ञा : अदृश्यता, अर्थशास्त्र, चित्रपटातील करामती, अपवर्तनांक, रडार

प्रस्तावना

मिरा-भाईंदर परिसरातील महाविद्यालयात इतिहासाचे अध्यापन करीत असताना एक प्रश्न दरवर्षी हटकून विचारला जातो. अदृश्य होण्याची विद्या आपल्या पूर्वजांना अवगत होती काय? ‘होय’ म्हटले की वर्गात टाळ्या पडतात आणि ‘नाही’ म्हटले की विचारणारा विद्यार्थी खाली बसतो. दोन्ही वेळा विचार तेथेच थांबतो. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १०२ व्या अधिवेशनात प्राचीन विमानविद्येवरील निबंधाने जो वाद उद्भवला, त्यातही प्रामुख्याने ही दोनच उत्तरे ऐकू आली. प्रस्तुत लेखात अदृश्यतेची कल्पना, तिची करामत आणि तिचे तंत्र या तीन गोष्टी वेगळ्या करून, मुख्यतः मुंबईच्या संदर्भात त्यांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

कल्पना : छाया आणि रूप

कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘औपनिषदिक’ या चौदाव्या अधिकरणात अदृश्य होण्याच्या कृती दिलेल्या आहेत. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केलेल्या प्रा. र. पं. कंगले यांच्या चिकित्सक आवृत्तीमुळे हा भाग अभ्यासकांना सहज उपलब्ध झाला. तीन रात्रींचा उपवास, पुष्य नक्षत्र, मनुष्याच्या कवटीतील मातीत पेरलेले जव आणि त्यांच्या अंकुरांची माळ असे एका कृतीचे स्वरूप आहे. अशी माळ धारण करणारा ‘नष्टच्छायारूप’ होऊन संचार करतो, असे तेथे म्हटले आहे.

हा शब्द विचार करण्याजोगा आहे. केवळ रूप नाहीसे होऊन भागत नाही, छायाही नाहीशी व्हावी लागते. वस्तूवरून परतलेला प्रकाश म्हणजे तिचे रूप आणि वस्तूने अडवलेला प्रकाश म्हणजे तिची छाया, असे मानल्यास अदृश्यतेच्या या दोन्ही अटी आजच्या पदार्थविज्ञानालाही मान्य आहेत. मात्र अट अचूक सांगणे वेगळे आणि ती पूर्ण करणे वेगळे. जवाच्या अंकुरांनी प्रकाशाचे काय होते, याचे कोणतेही स्पष्टीकरण तेथे नाही. कौटिल्याच्या परंपरेला इच्छा नेमकी मांडता आली, हे श्रेय तिला निःसंशय द्यावे. त्याहून अधिक देणे म्हणजे पुढील काळात प्रत्यक्ष खपलेल्या माणसांचे श्रेय काढून घेणे होय.

करामत : पाहणाऱ्याची फसवणूक

ही माणसे मुंबईत भेटतात. दादासाहेब फाळके चित्रपटनिर्मितीकडे वळण्यापूर्वी जादूचे प्रयोग करीत आणि आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेत. देव प्रकट होणे व अंतर्धान पावणे हे कीर्तनात शब्दांनी साधे. फाळक्यांनी ते कॅमेरा थांबवून, पात्र हलवून आणि कॅमेरा पुन्हा सुरू करून साधले. येथे प्रकाशात काहीच बदलत नाही. प्रेक्षकापासून मधला काळ तेवढा लपवला जातो. पडद्यावर देव दिसेनासे होत असताना त्या कारखान्यात फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या, रसायने कालवणाऱ्या आणि उन्हात पांढऱ्या चादरी धरून पात्रांवर प्रकाश टाकणाऱ्या सरस्वतीबाई फाळके मात्र बराच काळ इतिहासाला दिसल्या नाहीत.

१९३३ साली एच. जी. वेल्स यांच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या १८९७ च्या कादंबरीवर हॉलिवूडमध्ये चित्रपट निघाला. त्यापासून प्रेरणा घेऊन विजय भट्ट यांनी मुंबईच्या प्रकाश पिक्चर्ससाठी १९३७ मध्ये ‘ख्वाब की दुनिया’ दिग्दर्शित केला. त्यातील करामतींचे काम विशीही न ओलांडलेल्या बाबूभाई मिस्त्री यांच्याकडे होते. काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या धाग्याने वस्तू हलविल्या की धागा दिसत नाही आणि वस्तू आपोआप चालल्याचा भास होतो. यामुळे त्यांना ‘काळा धागा’ हेच टोपणनाव पडले. येथे प्रथमच प्रकाशाचा विचार झालेला दिसतो. धागा नाहीसा झालेला नसतो. त्याच्यावरून परतणारा प्रकाश आणि पार्श्वभूमीवरून परतणारा प्रकाश यांतील भेद मिटवलेला असतो.

याच परंपरेत १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’ येतो. त्यातील करामती पीटर परेरा यांनी प्रामुख्याने कॅमेऱ्यातच साधल्या. नायक तांबड्या प्रकाशात दिसतो, ही त्यातील युक्ती कथेच्या सोयीची होती. परंतु अदृश्यता सर्व रंगांना सारखी लागू पडत नाही, हे तत्त्व तीत अभावितपणे आले आहे.

तंत्र : प्रकाशाची वाट

वेल्स यांच्या नायकाने शरीराचा अपवर्तनांक हवेइतका करण्याचा मार्ग घेतला. या कल्पनेचा पडताळा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही घेता येतो. बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडविली की ती जवळजवळ दिसेनाशी होते, कारण दोहोंचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आहे. हवेचा अपवर्तनांक मात्र जेमतेम १.०००३ असल्याने शरीर हवेत असे विरघळवणे शक्य नाही. शिवाय याकॉव्ह पेरेलमन यांनी दाखविल्याप्रमाणे असा मनुष्य आंधळा ठरेल. दृष्टिपटलाने प्रकाश शोषलाच नाही तर त्याला दिसणार कसे?

दुसरा मार्ग प्रकाशाला वळसा घालायला लावण्याचा आहे. ओढ्यातील दगडाला वळसा घालून पाणी पुढे एकत्र यावे, तशा लहरी वस्तूभोवतून वळवून पलीकडे पूर्ववत जुळविल्या तर रूपही उरत नाही आणि छायाही. जॉन पेंड्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे गणित मांडले. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तांब्याच्या एका लहान दंडगोलाभोवती कृत्रिम रचनेची कडी बसवून सूक्ष्मतरंगांसाठी ते अंशतः सिद्ध करण्यात आले. अशा रचनेचे घटक लहरीच्या लांबीहून लहान असावे लागतात. सूक्ष्मतरंगांची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजता येते. दृश्य प्रकाशाची सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. म्हणूनच माणसाला पांघरता येईल असा अदृश्य अंगरखा अद्याप झालेला नाही. या कृत्रिम माध्यमांच्या पूर्वेतिहासात कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोस यांचा १८९८ चा प्रयोग गणला जातो. त्यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांनी विद्युतलहरींचे ध्रुवणप्रतल फिरवून दाखविले होते.

मुंबईत अदृश्यतेचे जे तंत्र प्रत्यक्षात उतरले ते माझगाव गोदीत. तेथे बांधलेली ‘आयएनएस शिवालिक’ ही युद्धनौका २९ एप्रिल २०१० रोजी नौदलात दाखल झाली. तिचे पृष्ठभाग असे कलते ठेवले आहेत की रडारच्या लहरी आल्या दिशेने फारशा परतत नाहीत. उत्तनच्या किनाऱ्यावरील कोळ्याला अशी नौका उघड्या डोळ्यांनी स्वच्छ दिसेल. रडारला मात्र ती आहे त्याहून खूप लहान भासेल.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, निरपेक्ष अदृश्यता आजवर कोणालाच साधलेली नाही. जे साधले ते विशिष्ट डोळ्यापुरते, विशिष्ट लहरीपुरते किंवा विशिष्ट दिशेपुरते. ‘नष्टच्छायारूप’ या शब्दापासून ड्यूक विद्यापीठातील दंडगोलापर्यंतचे अंतर दीर्घ आहे आणि ते कोणत्याही ग्रंथाच्या आधारे एका उडीत ओलांडता येत नाही. त्या अंतराच्या एका टप्प्यावर काळा धागा हातात धरलेला एक तरुण उभा आहे, चादर धरलेली एक स्त्री उभी आहे. विद्यार्थ्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर त्याला आधी ही माणसे दाखवावीत. विद्या कोणाला अवगत होती याचा निवाडा त्यानंतर त्याला स्वतःच करता येईल.